बाणाचे पाते : निवड आणि जबाबदारी

धनुष्यबाण घेऊन मोठ्या जनावराची शिकार करणाऱ्या माणसाच्या हाती प्रत्यक्षात किती शक्ती असते, हे प्रथम पाहू. आजच्या प्रबळ धनुष्यातून ४०० ग्रेन वजनाचा बाण सेकंदाला सुमारे ८५ मीटर वेगाने सुटतो. ग्रेन हे जुने इंग्रजी वजन आहे. आपल्याकडील एका तोळ्यात १८० ग्रेन भरत असत, म्हणजे हा बाण जेमतेम सव्वादोन तोळ्यांचा झाला. त्याची गतिज ऊर्जा सुमारे ९५ जूल भरते. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून एक किलोचे वजन खाली टाकले तर जमिनीवर आदळताना त्याच्या ठिकाणी जवळजवळ तेवढीच ऊर्जा असते. याउलट हरणाच्या शिकारीसाठी वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या रायफलची गोळी नळीतून बाहेर पडताना जवळपास चार हजार जूल ऊर्जा घेऊन निघते. हे प्रमाण एकास चाळीस असे पडते.

या तुलनेवरून एक गोष्ट स्पष्ट होते. गोळी ज्या रीतीने जनावराला मारते, त्या रीतीने बाण मारूच शकत नाही. वेगवान गोळी आपल्या मार्गाभोवतालचे ऊतक फाडते, चिरडते आणि तिचा आघात दूरवर पोहोचतो. बाणाला असा आघात करता येत नाही. त्याला कापावे लागते. तो फुप्फुसांतून आरपार गेला तर मोठ्या रक्तवाहिन्या तुटतात, छातीच्या पोकळीत बाहेरची हवा शिरते, फुप्फुसे आकसतात आणि मेंदूला होणारा रक्तपुरवठा थोड्याच सेकंदांत थांबतो. असे जनावर बहुधा शंभर-सव्वाशे मीटरांच्या आत कोसळते. परंतु तोच बाण बोथट असेल, वाकडा गेला असेल किंवा खांद्याच्या हाडाशी अडकून राहिला असेल, तर ते जनावर जखम घेऊन पळते आणि कित्येक दिवस यातना भोगून रानात कोठेतरी मरते. या दोन शक्यतांमधील अंतर पुष्कळ अंशी बाणाच्या टोकाशी असलेल्या दोन-तीन सेंटिमीटर रुंदीच्या पोलादावर अवलंबून असते. म्हणून बाणाग्राची निवड ही केवळ हौसेची बाब राहत नाही.

जुन्यांची जाण

बाणाचे टोक कामानुसार बदलले पाहिजे, ही जाणीव फार प्राचीन आहे. दक्षिण आफ्रिकेतील सिबुडू गुहेत सापडलेली सुमारे ६४,००० वर्षांपूर्वीची काही दगडी टोके बाणाग्रे असावीत, असे संशोधकांचे मत आहे. आपल्याकडे भीमबेटकाच्या शैलाश्रयांत धनुर्धर शिकाऱ्यांची चित्रे आहेत. १९५७ मध्ये विष्णु श्रीधर वाकणकर यांनी ती प्रकाशात आणली. चौदाव्या शतकातील ‘शार्ङ्गधरपद्धती’ या संस्कृत संग्रहात धनुर्विद्येचा एक स्वतंत्र भाग आहे. बाणाच्या टोकाला तेथे ‘फल’ म्हटले असून आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत, द्विभल्ल, कर्णिक आणि काकतुंड असे त्याचे प्रकार दिले आहेत. प्रत्येक प्रकाराचे काम वेगळे मानले आहे. चिलखत भेदण्यासाठी सुईसारखे अणकुचीदार फळ आणि कापण्यासाठी वस्तऱ्यासारखे रुंद फळ, हा भेद त्यात स्पष्ट आहे. आजच्या शिकाऱ्यापुढील प्रश्नाचे मूळही याच भेदात आहे. अरुंद टोक खोल जाते पण थोडे कापते. रुंद पाते पुष्कळ कापते पण त्याला आत जाण्यासाठी अधिक जोर लागतो.

इंग्रजीत शिकारीच्या रुंद पात्याच्या बाणाग्राला ब्रॉडहेड म्हणतात. आधुनिक काळात या विषयाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्यास सुरुवात झाली ती कॅलिफोर्नियात, आणि तीही एका विलक्षण योगायोगाने. ऑगस्ट १९११ मध्ये ओरोव्हिल या गावाजवळ एक एकाकी, भुकेलेला माणूस सापडला. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हल्ल्यांत जवळजवळ नष्ट झालेल्या याही जमातीचा तो अखेरचा ज्ञात माणूस होता. त्याला सॅन फ्रान्सिस्को येथील मानववंशशास्त्राच्या संग्रहालयात आणण्यात आले. तेथे त्याला ‘इशी’ म्हणत. याही भाषेत या शब्दाचा अर्थ ‘माणूस’ एवढाच होतो. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयात शल्यचिकित्सक असलेले डॉ. सॅक्स्टन पोप यांची त्याच्याशी मैत्री जमली. इशी हरणाच्या शिंगाच्या टोकाने ऑब्सिडियन या ज्वालामुखीय काचेच्या कपच्या काढून बाणाग्रे घडवी. बाटलीच्या काचेचीही उत्तम बाणाग्रे तो करून दाखवी. १९१६ मध्ये क्षयाने त्याचा अंत झाला. परंतु त्याने शिकवलेली विद्या पोप यांनी जपली आणि १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांतून जगापुढे ठेवली.

शल्यचिकित्सक असल्यामुळे पोप यांना धारेचे महत्त्व वेगळे सांगावे लागले नाही. निरनिराळी बाणाग्रे किती खोल जातात याचे प्रयोग करताना, इशीच्या पद्धतीचे काचेचे टोक मांसात पोलादी टोकापेक्षाही सहज शिरते, असे त्यांना आढळले. काचेची धार अतिसूक्ष्म असते, हे त्याचे कारण. मात्र हाडावर आपटल्यास ती फुटते. म्हणून मोठ्या जनावरांसाठी पोप यांनी पोलादी पाती स्वीकारली आणि ती कानशीने घासून तीक्ष्ण ठेवण्यावर भर दिला. धार आणि मजबुती या दोन गुणांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत कायम आहे.

१९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने हरणांच्या शिकारीसाठी धनुर्धरांचा वेगळा हंगाम ठेवला. पुढे इतर राज्यांनीही तसे केले आणि शिकारी धनुर्धरांची संख्या वाढत गेली. १९५६ मध्ये मिशिगनचे फ्रेड बेअर यांनी ‘रेझरहेड’ नावाचे बाणाग्र बाजारात आणले. त्याच्या दोन मुख्य पात्यांना काटकोनात एक पातळ, बदलता येणारे पाते बसवण्याची सोय होती. १९६९ मध्ये हॉलिस विल्बर ॲलन यांना कप्प्यांच्या साहाय्याने ताणल्या जाणाऱ्या कंपाऊंड धनुष्याचे पेटंट मिळाले. त्यामुळे बाणाचा वेग एकदम वाढला आणि त्याबरोबर बाणाग्राविषयीचे जुने ठोकताळे नव्याने तपासावे लागले.

धार

निवडीचा पहिला निकष कोणता, असे विचारल्यास अनुभवी शिकारी एकच उत्तर देतात : धार. रक्तवाहिन्या लवचीक असतात. बोथट पाते त्यांना कापण्याऐवजी बाजूला सारते. शिवाय चिरडलेली किंवा फाटलेली वाहिनी आकुंचन पावते, तिच्या तोंडाशी रक्त लवकर गोठते आणि स्राव थांबतो. वस्तऱ्याने झालेली जखम बराच वेळ वाहते, तर खरचटलेली लवकर सुकते, हा सर्वांचाच अनुभव आहे. म्हणून शिकारीचे पाते दाढीच्या पात्याइतके तीक्ष्ण असावे लागते. धारेची परीक्षा साधी आहे. ताणून धरलेल्या रबरी पट्टीवर पाते हलकेच टेकवल्याबरोबर ती तुटली पाहिजे. पाते पट्टीला ढकलत असेल तर ते शिकारीला योग्य नाही.

नवे कोरे पाते तीक्ष्ण असेलच असे गृहीत धरता येत नाही. सरावात मातीत किंवा गवताच्या गठ्ठ्यात मारलेले पाते तर निश्चितच बोथट होते. ज्या बाणाग्रांची पाती बदलता येतात त्यांत सरावानंतर नवी पाती बसवावीत. अखंड पोलादाचे बाणाग्र असल्यास सहाणेवर घासून शेवटी चामड्यावर परजावे. धार लावलेले पाते झाकलेल्या भात्यात ठेवणे धारेच्या दृष्टीने आवश्यक आहे आणि स्वतःच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनेही. झाडावरच्या माचाणावर चढताना उघड्या पात्याने शिकाऱ्यालाच गंभीर जखम होऊ शकते.

पात्यांची संख्या व आकार

दुसरा प्रश्न पाती किती असावीत हा. येथे थोडे गणित उपयोगी पडते. दोन पात्यांचे बाणाग्र २८ मिलिमीटर रुंद असेल तर ते २८ मिलिमीटर लांबीची एक सरळ चीर पाडते. त्याच व्यासाच्या तीन पात्यांच्या बाणाग्रात मध्यापासून १४ मिलिमीटरच्या तीन चिरा पडतात, म्हणजे एकूण कापलेली लांबी ४२ मिलिमीटर होते. चार पात्यांनी ती ५६ मिलिमीटर भरते. शिवाय सरळ चिरेच्या कडा एकमेकींना चिकटून ती मिटण्याचा संभव असतो, तर तीन दिशांनी कापलेले छिद्र उघडे राहते आणि रक्ताचा माग जमिनीवर स्पष्ट पडतो. माग सापडणे म्हणजे जनावर सापडणे, हे लक्षात घेतले तर या गुणाचे मोल कळते.

परंतु प्रत्येक वाढीव पात्याची किंमत बाणाच्या जोरातून वसूल होते. पाते हा एक पाचर आहे. जितका तो लांब व अरुंद, तितका कमी जोरात आत शिरतो. लांबी रुंदीच्या तिप्पट असलेले दोन पात्यांचे बाणाग्र सर्वांत सहज आत जाते. आखूड आणि रुंद बाणाग्राला तेवढेच अंतर कापण्यासाठी पुष्कळ अधिक जोर लागतो. यावरून एक सामान्य नियम निघतो. धनुष्य सौम्य असेल, ताण कमी असेल किंवा जनावर जाड हाडांचे असेल, तर दोन लांब पाती घ्यावीत. धनुष्य प्रबळ असेल आणि जनावर हरणाएवढे असेल, तर तीन किंवा चार पाती घेण्यास हरकत नाही.

तिसरा प्रकार उघडणाऱ्या पात्यांचा. यात पाती बाणाग्राच्या अंगाशी मिटलेली असतात व आघाताबरोबर उघडतात. त्यांची उघडी रुंदी कधीकधी ५० मिलिमीटरपर्यंत असते. ही युक्ती निघाली त्याला कारण आहे. रुंद स्थिर पाती वेगवान बाणाच्या पुढच्या टोकाला पंखांप्रमाणे काम करतात, बाणाला दिशा देऊ लागतात आणि मागची पिसे त्याला सरळ ठेवू शकली नाहीत तर नेम चुकतो. मिटलेल्या पात्यांचा बाण सरावाच्या साध्या टोकाच्या बाणाप्रमाणेच उडतो. मात्र पाती उघडण्यात ऊर्जा खर्च होते, तिरक्या कोनातून लागल्यास ती नीट न उघडण्याचा धोका असतो आणि त्यांची नाजूक जोडणी मोठ्या हाडापुढे टिकेलच याची खात्री नसते. प्रबळ धनुष्य, हरणाएवढे जनावर आणि आडवा नेम या तीनही अटी पूर्ण होत असतील तेथेच हा प्रकार योग्य ठरतो.

बाण आणि जनावर

बाणाग्राचा विचार बाणापासून वेगळा करता येत नाही. आरंभी उल्लेखिलेल्या ४०० ग्रेनच्या बाणाऐवजी त्याच धनुष्याला ६०० ग्रेनचा बाण लावला तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे ७० मीटरांवर येतो, असे समजू. दोन्ही बाणांची ऊर्जा जवळजवळ सारखीच, म्हणजे ९५ जूलच्या आसपास भरते. परंतु वस्तुमान व वेग यांचा गुणाकार, म्हणजे संवेग, जड बाणात सुमारे २३ टक्क्यांनी अधिक असतो. प्रतिरोध करणाऱ्या माध्यमातून पुढे जात राहण्याच्या दृष्टीने हा संवेग मोलाचा ठरतो. १९८० च्या दशकात एड ॲशबी यांनी दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात आफ्रिकी वन्य जनावरांवर बाणांचे परिणाम पद्धतशीरपणे नोंदवले. त्यांच्या अहवालांतील मुख्य निष्कर्ष असा की, बाण व बाणाग्र आघातात अखंड राहणे ही पहिली गरज होय. ते वाकले किंवा तुटले तर बाकीचे सर्व गुण व्यर्थ जातात. त्यानंतर बाण सरळ उडणे महत्त्वाचे. जड हाड भेदण्यासाठी ६५० ग्रेनहून अधिक वजनाचा बाण आणि धारेचा उतार एकाच बाजूला असलेले लांब, अरुंद पाते त्यांना उपयुक्त आढळले. असे पाते आत शिरताना स्वतःभोवती फिरते आणि हाडाला केवळ छिद्र न पाडता ते फोडते. मात्र उताराची दिशा व पिसांमुळे बाणाला मिळणारी फिरकी एकाच दिशेची असली पाहिजे.

उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या बरगड्या पातळ असतात. मध्यम ताणाच्या धनुष्याने आणि १०० ते १२५ ग्रेनच्या कोणत्याही चांगल्या बाणाग्राने त्या भेदल्या जातात. एल्क या मोठ्या हरणाचे वजन तीनशे किलोंच्या घरात आणि मूसचे त्याहूनही अधिक असते. तेथे जड बाण व मजबूत स्थिर पाती यांनाच प्राधान्य द्यावे लागते. पण कोणतेही बाणाग्र घेतले तरी ते त्या विशिष्ट धनुष्यावर, त्याच बाणाला लावून, प्रत्यक्ष शिकारीच्या अंतरावरून तपासले पाहिजे. साध्या टोकाचा बाण आणि पात्याचा बाण एकाच जागी लागत नसेल तर धनुष्याची जुळणी सुधारावी किंवा बाणाग्र बदलावे. दुकानातील वेष्टनावरचे वर्णन या परीक्षेची जागा घेऊ शकत नाही.

नेम न धरण्याचा निर्णय

सर्व निवड योग्य झाली तरी एक मर्यादा उरते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, तर बाणाचा ८५ मीटर असतो. २५ मीटरांवर उभ्या असलेल्या हरणाला प्रत्यंचेचा आवाज बाणाच्या आधी सुमारे दोन दशांश सेकंद पोहोचतो. तेवढ्यात सावध हरीण उडी घेण्यासाठी खाली दबते आणि फुप्फुसांवर धरलेला नेम पाठीवर लागतो. अंतर वाढले की ही वेळही वाढते. म्हणून जनावर जवळ, निश्चिंत आणि आडवे किंवा किंचित पाठमोरे उभे असेल तेव्हाच बाण सोडावा. समोरासमोर उभ्या असलेल्या जनावराच्या छातीचे हाड आणि तिरके उभे असलेल्याचा खांदा हे कोणत्याही पात्याचे काम बिघडवू शकतात. अशा वेळी धनुष्य खाली घेणे हेच शिकाऱ्याच्या कौशल्याचे लक्षण मानले जाते.

बाण लागल्यावरही काम संपत नाही. फेसाळ, लालभडक रक्त फुप्फुसांची जखम दर्शवते. तरीही अर्धा तास थांबून मग मागावर जावे. गडद रक्त यकृताचे असते, तेव्हा कित्येक तास थांबावे लागते. रक्तात हिरवट अन्नांश दिसले तर बाण पोटात लागला आहे. अशा जनावराचा लगेच पाठलाग केला तर ते मैलोन्‌मैल पळते आणि हाती लागत नाही. पाच-सहा तासांहून अधिक काळ त्याला शांतपणे पडून राहू देणे हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग. जखमी होऊन न सापडणारी जनावरे हाच या शिकारीवरील सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो सहज झटकून टाकता येत नाही. ब्रिटनने १९८१ च्या कायद्याने वन्य प्राण्यांवर धनुष्य वापरण्यास मनाई केली. अमेरिकेतील राज्यांनी शिकार चालू ठेवली, पण बंधने घातली. कित्येक राज्यांच्या नियमांत पात्याची किमान रुंदी ७/८ इंच, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर ठरवली असून मागे वळलेल्या काट्यांच्या बाणाग्रांना अनेक ठिकाणी मनाई आहे. काट्याचे बाणाग्र जखमेतून सहज निघत नाही. बाण चुकीच्या जागी लागून जनावर निसटले तर त्याला ते आयुष्यभर अंगात वागवावे लागते.

याच्या नेमके उलट तत्त्व आपल्या अंदमानात पाहावयास मिळते. ग्रेट अंदमानी लोकांच्या रानडुकरासाठीच्या बाणाचे लोखंडी, काटेरी अग्र दांड्यापासून सुटे होई, पण दोरीने त्याला बांधलेले राही. डुक्कर पळू लागले की मागे फरफटणारा दांडा झुडपांत अडके आणि जनावर तेथेच खिळून राही. ए. आर. रॅडक्लिफ-ब्राऊन यांच्या १९२२ च्या ग्रंथात या बाणाचे वर्णन आहे. घनदाट अरण्यात रक्ताचा माग काढणे कठीण, तेव्हा जनावर दूर जाऊच नये अशी ही योजना होती. खुल्या प्रदेशातला शिकारी आरपार जाणारे गुळगुळीत पाते निवडतो, तर घनदाट रानातला काटे असलेले. दोघांचाही हेतू घायाळ जनावर हातातून निसटू नये हाच असतो.

आपल्या देशात हा विषय आता बव्हंशी ज्ञानापुरताच उरला आहे. १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे वन्य प्राण्यांची हौशी शिकार, मग ती बंदुकीने असो वा बाणाने, हा गुन्हा ठरतो. निकोबार बेटांतील अनुसूचित जमातींच्या शिकारीच्या हक्कांना मात्र या कायद्याने बाध आणलेला नाही. तथापि संग्रहालयातील काचेच्या पेटीत ठेवलेले दगडी किंवा लोखंडी बाणाग्र पाहताना त्यामागचा विचार ओळखता यावा, एवढा उपयोग या माहितीचा निश्चित आहे. त्याची रुंदी, त्याचा उतार, त्याचे काटे यांतून कोणत्या जनावरासाठी, कसल्या रानात आणि किती जवळून तो बाण सुटला असेल, याचे उत्तर पुष्कळदा मिळू शकते. आणि जेथे ही शिकार आजही कायदेशीर आहे, तेथील शिकाऱ्याने बाणाग्र निवडताना प्रथम विचार करावयाचा तो आपल्या यशाचा नव्हे. बाण लागल्यानंतर त्या जनावराला किती क्षण यातना होतील, याचा विचार त्याने आधी केला पाहिजे.